फुटकी बादली, एक चेंडू आणि बारसे सर

‘झुंड’ पाहिला नाही असं घर आपल्या वस्त्यांमध्ये सापडणं कठीण. ४ मार्च २०२२ रोजी हा चित्रपट आला आणि त्यानंतर पोरांनी तो मोबाईलवर किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटातला जयंतीचा प्रसंग तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडून उभे असलेले अमिताभ बच्चन आणि भोवती नाचणारी पोरं. पण अमिताभ बच्चन यांनी ज्या सरांचं काम केलं, ते सर खरे आहेत, नागपूरचे आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यांचं नाव विजय बारसे. दरवर्षी आपल्याकडून गाड्या भरून माणसं दीक्षाभूमीला जातात, त्याच शहरातल्या हिस्लॉप महाविद्यालयात ते खेळाचे शिक्षक होते.

आरोग्याच्या पानावर खेळाच्या सरांची गोष्ट कशाला, असं कुणी विचारेल. मी नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात काम केलेली बाई आहे. वॉर्डात माणूस येतो तो सगळ्यात शेवटी. पंचविशीतला मुलगा येतो आणि त्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. एकोणीस वर्षांची मुलगी बाळंतपणाला येते आणि तिचं रक्त पाच ग्रॅमवर आलेलं असतं. हे दोघं बारा वर्षांचे असताना त्यांच्याकडे रोज बघणारा कुणी हवा होता. तो डॉक्टर नसतो. डॉक्टर रोज भेटत नाही. आईवडील भेटतात, पण ते पहाटे कामाला गेलेले असतात, नाहीतर सहा महिने ऊसतोडीला. रोज संध्याकाळी तासभर पोरांकडे बघणारा माणूस म्हणजे मैदानावरचा सर. अमेरिकेत हायस्कूलच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ असतं. आपल्याकडे मात्र पीटीचा तास म्हणजे गणिताच्या सरांना राहिलेला धडा संपवायला मिळालेला तास.

बारसे सरांची गोष्ट २००१ सालची. पावसाळ्याचे दिवस होते. वस्तीतली काही पोरं भर पावसात एक फुटकी बादली लाथाडत खेळत होती. सर थांबले आणि बघत राहिले. आपल्यापैकी कुणी तिथून गेलं असतं तर ‘घरी जा रे, पडसं होईल’ म्हणून पुढे निघालो असतो. सरांनी त्यांना फुटबॉल आणून दिला. आणखी काही पोरं फाटक्या चेंडूवर खेळताना त्यांना दिसली. एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. जेवढा वेळ ही पोरं खेळत असतात, तेवढा वेळ ती नशेपासून, चोरीपासून, मारामारीपासून लांब असतात. त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी एवढीच गोष्ट आहे. पोराला सुधारण्यासाठी भाषण दिलं तर ते पाच मिनिटं ऐकतं, पण चेंडू दिला तर दोन तास थांबतं.

त्यातून त्यांनी फक्त झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्पर्धा भरवली आणि तिला नावही दिलं ‘झोपडपट्टी फुटबॉल’. हे नाव पुष्कळांना खटकलं असणार. पण मला ते आवडतं, कारण त्यात लपवाछपवी नाही. पोरांना आधी पत्ता बदलून या, असं कुणी म्हणत नाही. त्या पहिल्या स्पर्धेला १२८ संघ आले. म्हणजे पोरं तयारच होती, कुणी बोलावण्याचीच वाट बघत होती. पुढे क्रीडा विकास संस्था उभी राहिली. निवृत्तीच्या वेळी मिळालेला पैसा सरांनी नागपूरजवळ मैदानासाठी जमीन घेण्यात घातला. आपल्यातला निवृत्त माणूस घर बांधतो, पोरीचं लग्न उरकतो, आणि त्यात काही वावगं नाही. पण घरात बाईची संमती असल्याशिवाय निवृत्तीचा पैसा असा मैदानात जात नाही, हेही ध्यानात घ्यावं. त्यांच्या पत्नी रंजना बारसे या कामात बरोबरीने राहिल्या. मुलगा अभिजीत अमेरिकेतून परत आला आणि त्याने संस्थेचा व्याप सांभाळला. आज हे काम ‘स्लम सॉकर’ या नावाने जगभर ओळखलं जातं. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा हिने २०१६ मध्ये या संस्थेला आपला विविधता पुरस्कार दिला.

आता त्यांची शिकवण्याची रीत बघा. कारण गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी आणणं सोपं आहे, रीत उचलणं अवघड.

बहुतेक सर पहिल्या दिवशी पोरांना पळवतात. जो पुढे येतो त्याला ठेवतात, बाकीच्यांना म्हणतात, तुम्ही टाळ्या वाजवा. बारसे सरांच्या रीतीत सुरुवातीला निवड नाही. जो आला तो संघात. जाड, बारीक, अनवाणी, शाळा सोडलेला, अंगावर तक्रार असलेला, सगळे. यात नुसता मोठेपणा नाही, हिशेबही आहे. जे पोर सगळ्यात आधी मैदानाबाहेर काढलं जातं, तेच बहुतेक वेळा व्यसनाच्या आणि टोळीच्या हाती आधी लागतं. तुम्ही चांगल्या पोरांनाच खेळवलंत तर कप मिळेल, वस्ती मात्र होती तिथेच राहील.

अखिलेश पॉल हे याचं उदाहरण. नागपूरचा हा मुलगा गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला होता. फुटबॉल खेळायला लागला आणि २०१० मध्ये रिओ दि जानेरो इथल्या ‘होमलेस वर्ल्ड कप’ स्पर्धेत भारताच्या संघाचा कर्णधार झाला. पुढे तो स्वतःच पोरांना शिकवायला लागला. २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या दूरदर्शनवरच्या कार्यक्रमात त्याची आणि बारसे सरांची गोष्ट देशाने ऐकली. मला यातला रिओचा भाग फार महत्त्वाचा वाटत नाही, तो शिकवायला लागला हा वाटतो. वस्तीतून वर आलेलं पोर परत वस्तीत सर म्हणून उभं राहिलं की लहान पोरांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

‘होमलेस वर्ल्ड कप’ ही बेघर आणि वंचित तरुणांची स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली. तिचा खेळ आपल्या कामाचा आहे म्हणून सांगते. एका वेळी एका बाजूने मैदानात चारच जण असतात, तीन खेळाडू आणि एक गोलकीपर. मैदान २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, म्हणजे साधारण ७२ फूट बाय ५२ फूट. सामना चौदा मिनिटांचा. आमच्याकडे मैदानच नाही, असं जे आपण म्हणतो ना, त्यांनी एकदा विहारापुढची किंवा समाजमंदिरामागची मोकळी जागा पावलांनी मोजावी. आपल्या हिंगोली जिल्ह्यात शहराची गजबज कमी आणि मोकळी जागा जास्त. जागेपेक्षा टंचाई आहे ती तिथे रोज ठरल्या वेळी उभं राहणाऱ्या माणसाची.

रोज उभा राहणारा हा माणूस आरोग्याचं काम कसं करतो, ते आता नीट सांगते.

पहिलं तोंड. नागपूर ही खर्र्याची राजधानी म्हणावी अशी परिस्थिती आहे आणि आपण त्यात फार मागे नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोळून पोरं शाळेच्या मागे बसतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, ती किती पाळली जाते हे टपरीवर उभं राहून बघावं. सुपारीने तोंडाच्या आतलं मऊ कातडं ताठ होत जातं. आधी तिखट झोंबतं, मग गाल आतून पांढुरके, कडक होतात आणि मग तोंड उघडेनासं होतं. ताठ झालेलं तोंड पूर्वीसारखं होत नाही, आणि त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. घरच्या घरी करायची एक साधी तपासणी आहे. पोराला आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. बोटं सहज जायला हवीत. गेली नाहीत तर ओरडत बसू नका, सरकारी दवाखान्यात दात आणि तोंडाच्या तपासणीला न्या. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारचा मोफत फोन नंबर आहे, १८००-११-२३५६. मैदानावरचा सर हे काम आणखी सोपं करतो. तोंडात खर्रा धरून पोर दोन फेऱ्या पळू शकत नाही. थुंकावंच लागतं. सरांनी एवढाच नियम केला की तोंड रिकामं असेल तरच चेंडू मिळेल, तर रोजचे दोन तास सुटले. आणि नियम सरांनाही लागू. स्वतः तंबाखू मळत शिट्टी वाजवणारे सर पोरांना पक्के कळतात.

दुसरं पोट. यासाठी नागपूर सोडून सातारा जिल्ह्यात जावं लागेल. फलटण तालुक्यातल्या सरडे गावात प्रवीण जाधव नावाचा मुलगा होता. आईवडील मजुरी करणारे, घर नाल्याकाठची झोपडी. पुढे शिकवणं जमणार नाही, मजुरीला लागावं लागेल, अशी घरची स्थिती. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला पळायला लावलं. खेळात पुढे गेलास तर मजुरी करावी लागणार नाही, असं समजावलं. पण पोर अशक्त. पुरेसं अन्न नसलेल्या शरीरातून वेग कुठून निघणार? इथे दुसरे सर म्हणाले असते, याच्यात दम नाही. भुजबळ सरांनी त्याच्या खाण्याची काळजी घेतली. पुढे तो क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारच्या निवासी क्रीडा शाळेत गेला. तिथे दहा मीटरवरून कड्यात चेंडू टाकायच्या चाचणीत त्याचे दहापैकी दहा चेंडू आत गेले आणि त्याच्या हातात धनुष्य आलं. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय आणि अतनू दास यांच्यासोबत त्याने सांघिक रौप्यपदक मिळवलं, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो भारताकडून खेळला.

हे वाचून आपलाही पोरगा ऑलिम्पिकला जाईल अशी स्वप्नं मी कुणाला दाखवत नाही. लाखातला एक जातो. मला भुजबळ सरांचं लक्ष कुठे गेलं ते दाखवायचंय. मागे पडणाऱ्या पोराकडे बघून त्यांनी दम बघितला नाही, ताट बघितलं. प्रत्येक सराने मैदानावर पहिला प्रश्न हाच विचारावा, ‘आज काय खाल्लंस?’ सकाळपासून चहा-बिस्किटावर असलेल्या पोराला पळवलं तर भोवळ येणारच. त्यासाठी डब्यातली पावडर लागत नाही. खेळाच्या तासभर आधी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे आणि गुळाचा खडा, नाहीतर अर्धी भाकरी. खेळून आल्यावर वरण-भात, उसळ, जमेल तेव्हा अंडं. शाळेत मिळणारा पोषण आहार पोरगं खातं की मित्राला देऊन टाकतं, तेही विचारा.

पोटाच्या मागोमाग येतं रक्त. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे मैदानात दहा मुली उभ्या केल्या तर सहा जणींना लवकर दम लागणार, पिंडऱ्या दुखणार, डोकं गरगरणार. आपण तिला आळशी म्हणतो. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती जेवल्यावर पाण्याबरोबर घ्यायची. चहाबरोबर अजिबात नाही, चहा लोह अंगी लागू देत नाही. जेवणात लिंबू पिळलं तर जास्त लागू पडतं. गोळीने शी काळी होते, कधी मळमळतं, त्याला घाबरून पोरी गोळी बाकाखाली टाकतात. सरांनी किंवा मॅडमनी सगळ्यांसमोर स्वतः गोळी गिळून दाखवण्यापेक्षा पोरींना हे काळ्या शीचं आधीच सांगून ठेवलेलं बरं. जंताची गोळी वर्षातून दोनदा मिळते, तीही चुकवू नये. अनवाणी खेळणाऱ्या पोरांच्या तळपायातून जंत आत शिरतात, आणि ते रक्तच पितात.

आपल्या समाजाने ध्यानात ठेवायची एक वेगळी गोष्ट आहे, सिकलसेल. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या भागात आपल्या कुटुंबांमध्ये हा आजार आढळतो. तो आईवडिलांकडून येतो, शिवल्याने किंवा उष्ट्याने होत नाही. ज्याला हा आजार आहे त्या पोराचे सांधे, हातपाय, पाठ अचानक दुखायला लागतात, डोळे पिवळसर दिसतात, वारंवार ताप येतो. असं पोर खेळताना मध्येच बसलं तर नाटक करतंय म्हणू नका. त्याला खेळू द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. खेळलंच तर भर उन्हात नको, पाणी भरपूर, थकलं की लगेच सावलीत, गार पाण्यात किंवा थंडीत भिजू द्यायचं नाही. जो फक्त वाहक आहे, म्हणजे ज्याला त्रास नाही पण रक्तात अर्धा दोष आहे, तो इतरांसारखा खेळू शकतो. त्यानेही पाणी आणि विसावा सोडू नये. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. मैदानावर येणाऱ्या सगळ्या पोरांची एकदा करून घेतली, तर ती माहिती पुढे लग्न जुळवतानाही कामी येते.

तिसरं पाय. इथे मी तुम्हाला परदेशातल्या एका सरांकडे नेते, कारण पायाकडे त्यांच्याइतकं बघणारे सर मला दुसरे माहीत नाहीत. जॉन वूडन, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १९१०. अकरा वर्षं त्यांनी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं आणि तिथल्या बास्केटबॉल संघाला तयार केलं. पुढे विद्यापीठात गेल्यावर त्यांच्या संघाने बारा वर्षांत दहा वेळा देशाचं अजिंक्यपद मिळवलं. एवढा मोठा प्रशिक्षक नव्या खेळाडूंना पहिल्या दिवशी काय शिकवत असे? मोजे घालायला. टाचेपाशी, बोटांपाशी सुरकुती राहता कामा नये. सुरकुती राहिली की कातडं घासतं, फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. बुटाचं माप मुलगा सांगेल त्यावर न विसंबता ते स्वतः बघायचे. जिंकण्याबद्दल ते फार बोलत नसत. तुम्ही तुमच्याकडून होतं तेवढं केलंत का, एवढंच त्यांच्या लेखी यश.

आपल्या पोरांकडे मोजेच नाहीत, असं म्हणाल. तर मग पायच बघा. खेळून आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, काटा-काच रुतली आहे का ते बघणं याला पैसा लागत नाही. गंजलं लागलं, खोल लागलं तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा. पाय मुरगळला तर तेल लावून चोळायचं नाही, आपल्याकडे पहिलं तेच करतात. कापडात गुंडाळलेला बर्फ नाहीतर गार पाण्याची पट्टी, पट्टा गुंडाळून पाय उशीवर उंच, दोन दिवस विसावा. पाय टेकवताच येत नसेल तर एक्स-रे काढा.

वूडन यांची दुसरी गोष्ट आपल्या लोकांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९४७ मध्ये ते इंडियाना राज्यातल्या एका शिक्षक महाविद्यालयाच्या संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाला देशपातळीवरच्या स्पर्धेचं बोलावणं आलं, पण त्या स्पर्धेत काळ्या खेळाडूंना खेळायला बंदी होती. संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक काळा मुलगा होता, आणि तो काही पहिल्या फळीतला खेळाडू नव्हता. त्याला घरी ठेवून जाता आलं असतं. वूडन यांनी बोलावणंच नाकारलं. दुसऱ्या वर्षी बंदी उठली, वॉकर गेला आणि त्या स्पर्धेत खेळणारा पहिला काळा खेळाडू ठरला. एका पोरासाठी सगळा संघ थांबला, हे बाकीच्या पोरांनी बघितलं. पाणी वरून ओतलेलं आपल्या आज्या-पणज्यांनी सोसलंय, त्यामुळे हे काय असतं ते आपल्याला समजावून सांगायला नको. पण आपल्याही मैदानावर कुणाला तरी बाजूला बसवलं जातं. गावात आलेल्या पारध्याचं पोर, भंगार वेचणाऱ्याचं पोर, बोलता न येणारं पोर. आणि मुली.

मुली बारा-तेरा वर्षांपर्यंत खेळतात. पाळी आली की मैदान बंद. आई म्हणते, लोक काय म्हणतील. बाप म्हणतो, कपडे कसले घालायचे. पाळीत खेळल्याने गर्भाशयाला काही होत नाही, उलट हालचालीने पोटाचं दुखणं पुष्कळदा हलकं होतं. दुखत असेल तर त्या दिवशी बसावं, नसेल तर खेळावं, ते तिचं तिने ठरवावं. कपडा किंवा पॅड चार-सहा तासांनी बदलायला जागा हवी. विहाराच्या शौचालयाची किल्ली संध्याकाळी कुणाकडे असते, हा प्रश्न मला फुटबॉलपेक्षा मोठा वाटतो. त्याच्या उत्तरावर वस्तीतल्या वीस मुलींचं खेळणं ठरतं. नागपूरच्या संस्थेनेही मुलींना घेऊन वेगळं काम केलं आहे. सोबत एक मोठी बाई मैदानाच्या कडेला बसलेली असली की आयांचा निम्मा धाक जातो. तिने खेळ शिकवायची गरज नाही, भाजी निवडत बसली तरी चालेल.

मग सर कुठून आणायचे? पहाटे पाच वाजता हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या रस्त्यांवर जाऊन बघा. पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतील, मुलं १६०० मीटरसाठी, मुली ८०० मीटरसाठी. डांबरावर पळून त्यांच्या नडग्या दुखतात. कुणी सांगतं म्हणून ती पावडर घेतात, पळण्याआधी दुखण्याची गोळी घेतात, आणि उपाशीपोटी गोळी घेतल्याने पोट आणि मूत्रपिंड बिघडवून घेतात. त्यांनाही सर नाही. पण लहान पोरांसाठी तेच सर आहेत. भरतीच्या तयारीतला मुलगा, भरती न झालेला मुलगा, भरती होऊन सुट्टीवर आलेली मुलगी. वॉर्म-अप त्यांना येतो, अंतर मोजता येतं, शिस्त आहे. त्यांना संध्याकाळी एक तास मागा. दोन जण मागा, म्हणजे एक परीक्षेला गेला तर दुसरा असतो. उन्हाळ्यात वेळ सकाळी सातच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर, आणि पाण्याचा माठ मैदानावरच.

कुणी पोर खरंच चमकदार निघालं तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची चौकशी करा. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. हे कागद वेळेत लागतात, म्हणून स्पर्धेचं प्रत्येक प्रमाणपत्र आईच्या पेटीत ठेवा.

आणि पैसा. जयंतीची वर्गणी आपण वस्तीत घरोघर जमवतो. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात वर्षभराचे चेंडू येतात, असं मी मंडळाच्या बैठकीत बोलले की मुलं हसतात. हसू द्या. फुटबॉलच्या गोलाला चार बांबू पुरतात. बास्केटबॉल महाग, असं वाटतं. पण तो खेळ काढला कुणी? स्प्रिंगफील्ड नावाच्या अमेरिकेतल्या गावात जेम्स नेस्मिथ नावाचे व्यायामशिक्षक होते. १८९१ च्या हिवाळ्यात घरात कोंडलेल्या पोरांना आवरण्यासाठी त्यांना एक खेळ हवा होता. त्यांनी शिपायाकडे खोकी मागितली, शिपायाने फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही कडं दहा फुटांवरच असतं. कड्याचा व्यास अठरा इंच. सळई वाकवून असं कडं करून देणारा वेल्डिंगवाला आपल्याच गल्लीत आहे. टोकं घासून घ्यायला त्याला सांगा, आणि खांब खोल, काँक्रीट ओतून गाडा, म्हणजे तो पोरांच्या अंगावर यायचा नाही.